आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग हवा

माझ्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरात जिन्याखाली, गोणपाटाखाली झाकलेलं एक लोखंडी धूड पडलेलं आहे. सुनेला ते डोळ्यांसमोर नको असतं. दर उन्हाळ्यात घराची साफसफाई निघाली की ती मला गोड आवाजात विचारते, "आई, यंदा हे भंगारात देऊन टाकायचं का?" आणि मी तितक्याच गोड आवाजात सांगते, "माह्यासोबतच दे बाई. दोघींले एकाच हातगाडीत टाक." मग ती हसते, मीही हसते, आणि ते धूड ओढत अंगणात आणते. पुसते. त्याच्या टाकीचं झाकण उघडून नाक आत घालते. कित्येक वर्षांत त्यात पेट्रोलचा थेंब पडलेला नाही, पण वास अजून आहे. शेजारच्या बाईंना वाटतं म्हातारीचं काही खरं नाही. वाटू द्या, मला काय त्याचं.

ती चेन-सॉ आहे, म्हणजे पेट्रोलवर चालणारी, झाडं कापायची करवत. आता ती गावोगावच्या दुकानांत टांगलेली असते, पण तेव्हा अख्ख्या चांदूर बाजार तालुक्यात तेवढी एकच होती. निदान माझे बाबा तरी तसं छातीठोकपणे सांगायचे आणि त्यांना खोटं पाडायला कोणी पुढे आलं नाही. बाबा परतवाड्याला एका आरा गिरणीत वीस वर्षं मिस्त्री होते. गिरणी सुटल्यावर एकदा लाकडाच्या लिलावाला गेले. आमच्या मधल्या खोलीला दार नव्हतं, त्यासाठी सागाचे दोन ओंडके आणायचे होते. संध्याकाळी परत आले ते खांद्यावर ही मशीन घेऊन. विलायती, केशरी रंगाची, रंगाचे पोपडे निघालेली. मायनं विचारलं, "अन् दार?" बाबा म्हणाले, "या मशीनीनं कापलेल्या लाकडाचं करू." पुढची दहा वर्षं मधल्या खोलीला जुन्या लुगड्याचा पडदा होता. हा पडदा लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथंच आहे.

घर आमचं तीन खोल्यांचं, वर टिना, म्हणजे पत्रे. उन्हाळ्यात दुपारी टिना तापून कड्कड् आवाज करायच्या आणि माय त्यांना शिव्या द्यायची, जसं काही त्या मुद्दाम करत होत्या. पुढच्या खोलीत एका घडवंचीवर मशीन. तिच्याखाली बाबांची पाने-पेचकसांची पेटी, बाजूला पेट्रोलचा डबा. या मशीनीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागायचं, ते माप बाबा चहाच्या कपानं घ्यायचे, आणि तो कप नेमका ओळखू यावा म्हणून मायनं त्याचा कान फोडून ठेवला होता. सकाळी भाकरी थापल्याचा थपथप आवाज आतून आणि दोरी ओढल्याचा खर्र, खर्र आवाज बाहेरून, असे दोन आवाज ऐकत मी मोठी झाले. तिसऱ्या खर्रला मशीन भडकायची, कुत्री पळायची, कोंबड्या पळायच्या, आणि माय चुलीपुढून ओरडायची, "होयीवानी धूर करू नोका माह्या घरात!"

मशीन अडली की बाबांचा एक क्रम ठरलेला होता आणि तो ते मोठ्यानं म्हणायचे, शाळेत पाढा म्हणावा तसा. "आधी पेट्रोल, मंग ठिणगी, मंग हवा." आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचं आणि झाकण लावायचं. मग प्लग काढून त्याची ठिणगी बघायची. मग हवेची जाळी झटकायची. हा क्रम मोडून जो कुठंही हात घालतो तो मिस्त्री नाही, हौशी माणूस, असं त्यांचं पक्कं मत. दुसरं मत याहून पक्कं होतं. "कोणतीही गोष्ट बिनकारणाची होत नाही. कारण सापडलं का दोष गेला." त्यांचे वडील दीक्षा घेऊन नागपूरहून परत आले तेव्हा त्यांनी घरातलं सगळं नवस-गंडेदोऱ्यांचं सामान नदीत सोडलं होतं, आणि बाबा हे कारणाचं तत्त्व बुद्धवंदनेपासून मशीनीपर्यंत सरसकट लावायचे. आमच्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. लिंबू वरणात पिळायचं, मिरचीचा ठेचा करायचा, बाहेर टांगायचं काही काम नाही.

मी बारावी पास झाले त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. माझे दोन फॉर्म भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोमागे खोचलेले होते. एक डी.एड.चा, तो बाबांनी आणलेला. एक अमरावतीच्या पॉलिटेक्निकचा, मेकॅनिकलचा, तो मी मैत्रिणीच्या भावाकडून मागवलेला. दोन्हीची शेवटची तारीख एकच होती, शनिवार. आणि दोन्हीवर वडिलांची सही लागत होती. मी मशीनीजवळच वाढले होते. प्लग कसा काढायचा, साखळीला धार कशी लावायची, मला सगळं येत होतं. पण बाबा म्हणायचे, "घरी हात लावतं थे ठीक आहे. पण जन्मभर? डी.एड. कर. शाळेत खुर्ची असते, पंखा असते. मशीनीत काजळीशिवाय काय आहे?" मी म्हणायचे, "तुमाले तं काजळीच आवडते." ते म्हणायचे, "मी बिघडलो, तू काहून बिघडून राहिली?" नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते. "पाहू," म्हणायचे. बाबांचं 'पाहू' म्हणजे विहिरीत टाकलेला गोटा, आवाज यायला वेळ लागायचा.

त्याच दिवसांत मायचं कुरड्यांचं सत्र चालू होतं. तीन दिवस भिजवलेला गहू, त्याचा आंबूस वास, पहाटे चुलीवर रटरटणारा चीक आणि त्यात फिरणारं ते भलंमोठं लाकडी सराट. पहिली वाटी चीक मला, तिखट-मीठ आणि कच्चं तेल घालून. त्या चवीसाठी मी आजही पहाटे उठायला तयार आहे, पण आता सून बाजारातून तयार कुरड्या आणते, त्या तळल्या की फुगतात तेवढ्याच, चव कागदाची. तर मायच्या कुरड्या दिवसभर खाटेवर वाळायच्या आणि संध्याकाळी मधल्या खोलीत यायच्या. पलीकडे मशीन, मध्ये फक्त पडदा. एक दिवस मायनं कुरडी तळून चाखली आणि थू थू करत बाहेर आली. "राकेल घातलं का काय इच्यात? पेट्रोल लागून राहिलं!" मशीनीच्या टाकीच्या झाकणाचा वायसर, म्हणजे वॉशर, जुना झाला होता, तिथून वास यायचा. आमच्याकडे ट्रकवाले, फटफटीवाले टाकी पाझरली की एकच इलाज करायचे, धुण्याचा साबण चोळायचा. पेट्रोलनं सगळं विरघळतं, साबण विरघळत नाही. बाबा बाजारात गेले होते. मायनं साबणाची ओली चिपटी माझ्या हातात दिली. "लाव त्या झाकणाले चांगला. लिंपून काढ." मी काम मन लावून करणारी पोरगी. झाकणाच्या कडेनं लावला, वरून लावला, अंगठ्यानं दाबून-दाबून गुळगुळीत केला. वास बंद. माय खूश. मी हात धुतले आणि विसरून गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी, सोमवारी, बाबांचं नानाजींच्या बागेतलं काम सुरू झालं. नानाजी म्हणजे आमच्या गावचे जुने बागाईतदार. त्यांची संत्र्याची बाग म्हातारी झाली होती, झाडं शेंड्याकडून वाळत चालली होती. ती सगळी मृगाच्या आधी काढून तिथं नवी कलमं लावायची होती. दीडशे झाडं. एवढं मोठं काम बाबांना पहिल्यांदाच मिळालं होतं. सकाळी दुपट्टा बांधून, मशीन खांद्यावर घेऊन निघाले, ते पाहायला गल्लीतली माणसं दारात आली. मी फॉर्म पुढे केला, तर म्हणाले, "एक काम हातात असलं का दुसऱ्याले हात लावा नाही. बाग निघू दे, मंग निवांत बसून दोन्ही कागद पाहू." मी म्हटलं, "शनिवार शेवटचा आहे." म्हणाले, "तवरीक तं अर्धी बाग आडवी होते. पाहू."

संध्याकाळी आले ते थेट घडवंचीपुढे बसले. तीन झाडं कापली होती. मशीन चालायची दहा मिनिटं, मग धापा टाकायची आणि बंद. मग कितीही दोरी ओढा, दगड. मग बाबांनी क्रम लावायचा: झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, आहे. प्लग काढला, कोरडा, पण ठिणगी चांगली. जाळी झटकली. दोरी ओढली, की चालू! पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा दगड. "प्लग गेला," बाबांनी निदान केलं आणि मंगळवारी नवा प्लग घातला. तेच. "हवेची जाळी." नवी जाळी घातली. तेच. बुधवारी पुढच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी कार्बोरेटर खोलला. एकेक तुकडा ओळीनं मांडला. मायला झाडू मारायला बंदी, कोंबडीला आत यायला बंदी, मला जोरात बोलायला बंदी. वरण-भात ताटात निवत होता आणि बाबा एक मोहरीएवढी गोळी उजेडासमोर धरून बघत होते. मी बाजूला बसून तुकडे पुसून देत होते आणि मनात दिवस मोजत होते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. फोटोमागचे दोन कागद पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, नुसती सही..." त्यांनी वर न पाहता म्हटलं, "ज्याले आपली मशीन समजून नाही राहिली त्यानं पोरीच्या जन्माचा कागद सही करावा का?" हे मला लागलं. रागही आला. माझ्या जन्माचा त्या मोहरीएवढ्या गोळीशी काय संबंध?

गुरुवारी आम्ही दोघं मशीन घेऊन चांदूर बाजारला रशीदचाचाकडे गेलो. बाबांचे जुने दोस्त. फटफट्या, पाण्याचे पंप, शिवणयंत्रं, जे म्हणाल ते दुरुस्त करायचे. दुकानात माणूस उभा राहायला जागा नाही, पण चहा मात्र येणारच. त्यांनीही काय केलं? पहिल्यांदा झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. झाकण उघडताना फुस्स असा बारीक आवाज झाला. मी तो ऐकला, पण माझं लक्ष चहासोबतच्या खारीकडे होतं. चाचांनी झाकण लावलं, दोरी ओढली, पहिल्या झटक्यात मशीन सुरू. पाच मिनिटं चालवली. मस्त. बंद करून बाबांकडे वळले. "शामराव, इसको कुछ नई हुआ. तुमको हुआ है. घर जाव, भाभीके हाथ का आलन-रोटी खाव, आराम करो." अख्खं दुकान हसलं. बाबाही हसले, पण त्यांचं हसू मला ओळखता येतं. येताना यष्टीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "वंदना, या मशीनीनं मले येडं केलं. नानाजी म्हणून राहिले का उद्या दुपारपर्यंत चालली तं ठीक, नाही तं परतवाड्याहून कुऱ्हाडवाले बोलावतो." म्हणजे उद्या शुक्रवार. आणि परवा शनिवार.

शुक्रवारी बाबा पहाटेच बागेत गेले. त्यांची शिदोरी मी दुपारी न्यायची होती. मायनं आंबाडीची भाजी आणि भाकरी केली होती. घरचं तेल संपलं म्हणून तिनं सरकीच्या तेलाचं नवं पीप काढलं, खिळा आणि बत्ता घेऊन कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि पीप बरणीवर तिरपं केलं. तेल आलं, मग गुटूक गुटूक करत थांबलं. थेंबावर आलं. मी पाहतच होते. माय माझ्यावरच खेकसली. "पाह्यत काय उभी राहिली? त्या कोपऱ्याले दुसरं भोक पाड नं! वारा आत गेल्याबिगर तेल बाहेर येते का?" मी खिळा धरला, बत्त्यानं ठोकला. फुस्स. आणि तेलाची धार सरळ बरणीत.

माझ्या हातातला बत्ता तिथंच राहिला. फुस्स! तोच आवाज. रशीदचाचांच्या दुकानातला. टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर आत वारा जायला हवा. मशीनीच्या झाकणाला मधोमध एक सुईएवढं भोक होतं, लहानपणी मी त्यात गवताची काडी घालून मार खाल्ला होता. आणि आता त्या भोकावर... साबण. माझ्या अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केलेला साबण. दहा मिनिटांत आतला वारा संपायचा, पेट्रोल अडायचं, मशीन बंद. आणि बाबांच्या क्रमातली पहिलीच गोष्ट काय? झाकण उघडणं! झाकण उघडलं की वारा आत, रोग बरा. मग त्यापुढे ते ठिणगी बघोत की हवा, जे करतील त्यालाच गुण आल्यासारखं वाटायचं. अरे देवा, असं ओरडायची आमच्या घरात पद्धत नाही, पण मी ओरडले. माय म्हणाली, "काय झालं वं? बोट ठेचलं का?" मी म्हटलं, "बोट नाही, सारंच ठेचलं," आणि शिदोरी घेऊन सुटले. जाताना फोटोमागचा एक फॉर्म ओढून फडक्यात खोचला. कोणता, ते सांगायला नको.

बागेपर्यंत कोसभर वाट. पाय पोळत होते आणि डोकं त्याहून जास्त चालत होतं. सांगू? सांगितलं तर बाबा काय म्हणतील? चार दिवस त्यांनी स्वतःला खाल्लं, गिऱ्हाइकापुढे मान गेला, दोस्तानं थट्टा केली, आणि करणारी कोण, तर मशीन शिकायची म्हणणारी त्यांचीच पोट्टी. मग मेकॅनिकल तर सोडाच, घरच्या मशीनीलाही हात लावू देणार नाहीत. मी ठरवलं, सांगायचंच नाही. ते जेवायला बसले की हळूच बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं करायचं. मशीन चालेल, बाबांना वाटेल आपल्या हाताला यश आलं, खुशीत सही करतील. कोणाचं काय बिघडलं? वाटेत एक लांब काटा मोडून मुठीत धरला. मी फार हुशार आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. आजवर मी स्वतःला फार हुशार समजले त्या प्रत्येक वेळी पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं होतं.

बागेत पोचले तर बाबा एका बुंध्यावर बसलेले, हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर भुसा. मशीन सावलीत. आणि तिच्यापुढे उकिडवे बसून नानाजी तारेत एक पिवळंजर्द लिंबू आणि सात मिरच्या ओवत होते. भोवती दोन-चार गडीमाणसं गंभीर चेहरा करून उभी.

"नानाजी, सोडा थे," बाबा म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"तुमचं काय जाते शामराव? लिंबू माह्या झाडाचं, मिरची माह्या घरची. तुमी फक्त दोरी ओढा. तुमच्या मशीनीचं गावात नाव झालं, लागली असन कोणाची नजर."

"नजरेनं मशीन बंद पडत नाही, नानाजी. कारण असन कायीतरी."

"असन नं! मंग चार दिवसांत सापडलं काहून नाही?"

बाबा हातावरचा भुसा झटकत राहिले. नानाजी वाईट माणूस नव्हते, त्यांनी ते कुत्सितपणे विचारलंही नव्हतं. पण ज्या माणसाला मी आयुष्यभर कारण सांगताना पाहिलं होतं, त्याला उत्तर नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. नानाजींनी ती माळ मशीनीच्या मुठीला बांधली. बाबांनी बघितलं आणि नजर फिरवली. बांधू दिलं. आता मी गुपचूप काटा फिरवला असता, मशीन धडाडली असती, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं असतं, मशीनवाल्या शामरावची मशीन शेवटी लिंबानंच चालली. बाबांनी जन्मभर त्या लिंबाचं ओझं वाहिलं असतं. आणि खरं काय ते फक्त मला माहीत असतं. छे! ते काही मला जमणारं नव्हतं. माझा स्वभावच तसा, पोटात राहत नाही.

"बाबा," मी म्हटलं, "कारण मले माहीत आहे."

"काय आहे?"

"मी आहो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शिदोरी खाली ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. कुरड्या, वास, साबण, अंगठा, तेलाचं पीप, फुस्स. बाबा उठले, मशीनीजवळ आले, झाकणाच्या कडेला नख ओढलं. तेल आणि भुसा बसून वरचा थर झाकणासारखाच काळा झाला होता. नखाखाली पिवळा निघाला. त्यांनी तो हुंगला. मग माझ्याकडे बघितलं.

"धुण्याचा साबण," ते म्हणाले. "अन् मी कार्बोरेटर खोलून राहिलो."

मी काटा पुढे केला, पण त्यांनी माझा हात थांबवला. "आत्ता नाही. आधी साबण अन् लिंबू दोन्ही राहू दे." नेहमीसारखं झाकण एकदा उघडून लावलं आणि दोरी ओढली. मशीन चालली. एक गडी म्हणाला, "पाहा, लिंबू लागलं!" बाबा झाडाला भिडले, आम्ही सगळे उभे. फांद्या पडत होत्या, संत्र्याच्या ओल्या लाकडाचा आंबटगोड वास सुटला होता. बरोबर दहाव्या मिनिटाला मशीननं धाप टाकली आणि बंद. लिंबू तसंच लोंबत होतं. बाबांनी ते सोडवून नानाजींच्या हातात दिलं, झाकणाला हात न लावता दोरी ओढून दाखवली, एकदा, पाचदा, दहादा. दगड. मग मशीन वळवून झाकणाची बाजू माझ्याकडे केली. "घाल काटा." मी साबण खरवडला, काटा भोकात घातला, फिरवला. फुस्स. बारीकसा, पण सगळ्यांनी ऐकला. बाबा म्हणाले, "आता तू ओढ." मी दोरी ओढली. पहिल्यांदा खर्र. दुसऱ्यांदा खर्र. तिसऱ्यांदा मशीन अशी भडकली की नानाजी दोन पावलं मागे सरकले. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. अर्धा तास गेला. बाबांनी पाच झाडं आडवी केली आणि मग स्वतःहून मशीन बंद केली, पोटात भूक लागली म्हणून.

बंद केली आणि हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. "साबण!" म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. नानाजीही हसायला लागले, गडीही. मला हसू की रडू कळेना, मी दोन्ही केलं. जेवायला बसलो तेव्हा नानाजींनी ते लिंबू आपल्या हातानं कापून सगळ्यांच्या आंबाडीच्या भाजीवर पिळलं आणि मिरच्या गड्यांनी भाकरीसोबत खाल्ल्या. आंबाडीवर लिंबू म्हणजे आंबटावर आंबट, पण त्या दिवशी कोणी काही म्हणालं नाही.

हात पुसता पुसता बाबांनी विचारलं, "मले सांग, गुपचूप साफ करता येत होतं. काहून नाही केलं?"

"ठरवलं होतं," मी खरं सांगितलं. "पण मंग लिंबू जितलं असतं."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "गिरणीत वीस वर्षं काढली मी. चूक सारेच करतात. मशीन बंद पडली का एकाचं बोट दुसऱ्याकडे. चार लोकायसमोर 'माह्या हातानं झालं' म्हणणारा मिस्त्री मले एकही नाही भेटला." मग हात पुढे केला. "फॉर्म कुठी आहे?"

मी फडक्यातून काढून दिला. त्यांनी वाचला, उलटा-सुलटा केला. "दुसरा?"

"घरीच राहिला."

"चांगला राहिला. डी.एड. करून तू लेकरायच्या पाट्यायले साबण लावला असता." आणि त्यांनी संत्र्याच्या ताज्या बुंध्यावर फॉर्म ठेवून सही केली. पेनापेक्षा अंगठ्याचाच ठसा मोठा उमटला, काळाकुट्ट, तेलकट, अर्ध्या कागदावर. पुढे मी अकोल्यात मशीनींवरच नोकरी केली, निवृत्तही झाले, माझ्या नावाची बरीच कागदपत्रं झाली. पण त्या डागावरून अमरावतीच्या पॉलिटेक्निकच्या खिडकीतल्या बाबूनं मला ऐकवलेले शब्द मी एकही विसरले नाही, आणि मला त्यांचा राग आलेला नाही.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा माय अंगणातल्या खाटेवरून कुरड्या वेचत होती. तिनं आधी मशीनीकडे बघितलं, मग बाबांच्या तोंडाकडे.

"सापडला का दोष?"

"सापडला," बाबा म्हणाले, आणि खांद्यावरची मशीन खाली ठेवली.

"मंग? कुठी होता?"

बाबांनी माझ्या डोक्यावर आपला तेलकट हात ठेवला. "हा काय उभा आहे. उद्या पहिल्या यष्टीनं अमरावतीले धाडून राहिलो त्याले."